कडूच आहे हो!

...नाही, पण मी म्हणतो, गोड असायचं कारणच काय? तुम्हाला सांगतो, डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे बघा काका, तुमच्या मुलाचं ते पांढऱ्या पुडीचं व्यसन सुटतं का, म्हणून आम्ही एका झुडपाच्या पाल्याचा अर्क तपासतोय. पाला इतका कडू, की तासभर जीभ वळत नाही! पण निम्म्या लोकांच्या कॅप्सूलमध्ये नुसती साखर असते. कुणाच्या, ते मलाही ठाऊक नाही." मग कुणाला ठाऊक? "कंप्युटरला!" घ्या!

पण नको कसं म्हणणार? पोरगं चार-चार दिवस झोपायचं नाही हो! करकरा दात खायचं आणि दिसेल ती वस्तू खोलत सुटायचं. आधी रेडिओ, मग पंखा, मग मिक्सर... एकदा बाथरूमला गेलो, तर दाराच्या बिजागऱ्या गायब! घरात एक स्क्रू जागेवर नव्हता, त्याच्या डोक्यातला धरून! हसताय? हसा. मी अजून स्क्रूड्रायव्हर खिशात घेऊन हिंडतो. पलीकडच्या खोलीत जरा खुट्ट झालं, की हात खिशात... आहे ना? आहे. भीती वाटते हो, पोटच्या पोराची भीती वाटते!

तर कॅप्सूल सुरू झाल्या आणि सात आठवडे पोरगं सुतासारखं सरळ! पंखासुद्धा त्यानंच जोडून दिला. वर म्हणतो, "बाबा, पाल्याचा गुण बघा!" म्हटलं, बघू तरी. गेलो स्वयंपाकघरात, एक कॅप्सूल फोडली, जिभेला लावली... गोड! नुसती साखर! अहो, म्हणजे इतके दिवस हे उभं कशाच्या आधारावर? आणि त्याला कळलं तर? ...कुणाला सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही!

परवा तिघं दवाखान्यात गेलो. बाईंनी बाटलीतल्या उरलेल्या कॅप्सूल मोजल्या. "तीन कमी आहेत."

तीन? मी तर एकच...

हळूच बघितलं. ही छताकडे बघतेय. पोरगं बुटांकडे बघतंय.

"कुणी चव घेतली का?"

तर तिघंही एका सुरात, "कडू आहे हो, फार कडू!"

बाईंनी तसंच लिहून घेतलं. नवी बाटली दिली. घरी आलो, हिनं कॅप्सूल त्याच्या हातावर ठेवली, त्यानं गिळली, आणि तोंडं तिघांनी वाकडी केली! मी खिसा चाचपला... आहे.

मला मेलं डायबेटिसपायी साखर बंद, आणि अख्खं घर उभं आहे साखरेवर!