खांद्यावर शिवण नको

सकाळचे आठ. तात्रा पर्वताच्या पायथ्याचं दुकान. रांगेत माझ्यापुढे म्हातारा हमाल वेंडेलिन, काउंटरवर रादका.

"आजोबा, हे सगळ्यात भारी जाकीट. थेंबसुद्धा आत येत नाही."

"खांद्यावर शिवण आहे की. ओझ्याचा पट्टा तिथंच घासतो, पाणी तिथूनच शिरतं."

"ओझं किती?"

"साठ किलो. वरच्या निवाऱ्यातला गॅस संपलाय, अकरा माणसं गारठलीत. या पावसात हेलिकॉप्टर उडत नाही."

"आणि तुमचं वय?"

"एकाहत्तर. ते वजनात धरू नकोस, पोरी. बिनशिवणीचं दाखव."

"नारिंगी एकच उरलंय. सावकाश जा, आजोबा."

"सावकाश गेलो तर त्यांचा चहा कोण करणार?"

दुपारी साडेचारला रादकाला वरच्या निवाऱ्यातून फोन आला. पाऊस चालूच आहे, वेंडेलिन पोचलेला नाही. पण निवाऱ्याच्या खालच्या वळणावर एक नारिंगी ठिपका हलताना दिसतो आहे.