माझं उष्टं पान

मंडळी, शोकसभेला अग्रहारातल्या या छोट्या हॉलमध्ये इतकी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. दारापाशी उभे आहात ते जरा आत या. पुढं बसलेत ते सुमित्राक्काचे यजमान. मी त्यांना भावोजी म्हणतो. मी रघुनाथ. अक्काच्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं काम केलं. बोलायला उभा राहिलोय, ते रडू आलंय म्हणून नव्हे. खरं सांगू? किळस आलीय.

अर्धा तास ऐकतोय. 'शांत बाई.' 'कधी आवाज चढवला नाही.' आणि तो आमच्या कंपनीचा हार, त्याच्यावर सोनेरी अक्षरांत 'आमची लाडकी सहकारी'. लाडकी! दोन वर्षांपूर्वी तिला घरी बसवलंत तेव्हा लाडकी नव्हती ती? तो हार बघवत नाही मला. पण थांबा, माना डोलवू नका. सगळ्यात जास्त किळस कुणाची येते ते अजून सांगितलं नाही.

अक्का काय करायची ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. 'कंप्युटरमध्ये आहे' एवढंच. बन्नूरच्या, तलकाडच्या खासगी बसमध्ये कंडक्टरच्या हातात तिकिटाचं यंत्र असतं की नाही, त्याच्या आतलं काम आमचं. यंत्र एवढंसं, त्याची मेमरी त्याहून एवढीशी. एक तिकीट काढायचं तर आत बारीक बारीक नोंदी होतात. कुठं चढला, कुठं उतरणार, किती जण. प्रत्येक नोंदीला क्षणभर टीचभर जागा लागते. ती दर वेळी मागायची, शोधायची, परत करायची, यातच यंत्राचा जीव जायचा. मधे मधे फटी पडायच्या, त्या कुणाच्याच कामाच्या नाहीत. दुपारपर्यंत यंत्र आडवं.

अक्कानं मला हे समजावलं ते आपल्या देवळातल्या पंगतीवरून. म्हणाली, "रघू, येईल त्या प्रत्येकासाठी आचारी उठून जागा शोधायला लागला तर जेवण कधी व्हायचं रे? सकाळीच ओळीनं सारख्या जागा आखून पानं मांडायची. आला तो बसला. जेवून आपलं पान उचललं की तिथं दुसरा. सुम्ने, उगीच धावपळ कशाला?"

तसंच केलं तिनं. यंत्र सुरू झालं की मेमरीचा एकच मोठा तुकडा घ्यायचा, त्याचे एकसारखे खण पाडायचे. आणि कुठला खण रिकामा आहे याची वेगळी यादीसुद्धा नाही! रिकाम्या खणातच पुढच्या रिकाम्या खणाचा पत्ता. जागा रिकामी असतानाही तिला कामाला लावलं या बाईनं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून हात जोडले होते. ती म्हणाली, "अय्यो, बस की. कॉफी थंड होतेय."

बारा वर्षं चाललं ते. बारा वर्षांत एक तक्रार नाही.

मग विद्यार्थ्यांचे पास तपासायचा नवा भाग आला. तो मी लिहिला. आणि यंत्रं अडकायला लागली. सकाळी कॉलेजची मुलं चढली की दहाच्या आत यंत्र मुकं. अक्का दर शनिवारी आईला भेटायला बन्नूरला जायची. एकदा तिच्यासमोरच अडकलं. कंडक्टर ओरडला, "यारप्पा माडिद्दु इदन्ना?" कुणी केलंय रे हे! अक्का मला म्हणाली, "रघू, मी खिडकीतून बाहेर बघत बसले."

मीटिंग झाली. भिंतीवर आलेख. मेमरीची रेघ पहाटे यंत्र सुरू झाल्यापासून वर चढलेली, सपाट. आमचे साहेब, बसलेत ते तिसऱ्या ओळीत, म्हणाले, "बघा, हिचं काम पहिल्या मिनिटालाच सगळी जागा गिळतं." अहो, पानं मांडली म्हणजे जेवणं झाली का? अक्का तेच सांगत होती. "ती जागा राखलेली आहे, वापरलेली नाही. खण घेऊन परत न देणारा कोण, तो शोधा." कुणी ऐकलं नाही. रेघ दिसत होती ना सगळ्यांना! अहवालात आलं, दोष सुमित्राबाईंच्या कामात. त्या अहवालाखाली सही कुणाची? माझी.

अक्काला घरी बसवलं, आणि आठव्या दिवशी मला सापडलं. मुदत संपलेला पास आला की माझा भाग खण घ्यायचा आणि परत द्यायचाच नाही. जेवून उठायचं, उष्टं पान तिथंच! अशी माझी उष्टी पानं सकाळभर साचत होती. पंगतीला जागा उरणार कुठून? एक ओळ राहिली होती माझी. एकच. ती गुपचूप घातली. यंत्रं चालायला लागली आणि मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर चारचौघांत सांगावं लागलं असतं, ते उष्टं माझं. पुढं साहेबांनी हौसेनं तिचं काम काढून दुसरं बसवलं, तर यंत्रं दुपारी बाराला पुन्हा आडवी. झक मारत तिचंच परत बसवलं. फक्त वर तिचं नाव होतं, तेवढं पुसलं. कुणी पुसलं? याच हातांनी. थू!

गेल्या दसऱ्याला तिच्याकडे गेलो होतो. सणाच्या बाहुल्या मांडल्या होत्या, चुरमुरे दिले तिनं. मग विचारलं, "रघू, खण परत न देणारा तो कोण होता, सापडला का रे?"

मी म्हणालो, "नाही अक्का."

"मग माझंच असेल. सगळं वहीत उतरवून घेतलंय मी, रोज एकेक ओळ बघते. पण चूक सापडत नाहीय रे."

आणि मी चुरमुरे खाल्ले, मंडळी. वाटी संपवली.

भावोजी, ती वही तुम्ही बघितलीय. दोन वर्षं ती बाई स्वतःच्या निर्दोष कामात माझी चूक शोधत होती, आणि शोधता शोधता गेली. तुम्हालाही वाटलं असेल, हिचंच काहीतरी चुकलं. काही चुकलं नव्हतं. हे सगळं मी सहीनिशी लिहिलंय. एक प्रत सकाळी ऑफिसात दिली. तिचं नाव होतं तिथं परत लावलं. ही दुसरी प्रत तुमच्या हातात देतो. त्या वहीत ठेवा. मला माफ करा असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे माफी मागायची ते माणूस उरलं नाही.

आता उठू या. दोन मिनिटं तिच्यासाठी शांत उभं राहू. साहेब, तुम्हीही. आणि तेवढ्या वेळात तो हार कुणीतरी बाहेर नेऊन ठेवा.

उद्या बन्नूरच्या बसमध्ये बसाल, तिकीट झटकन हातात येईल. चांगलं चाललं की कुणी विचारत नाही, 'यारप्पा माडिद्दु इदन्ना?' तरी तुम्ही कंडक्टरला सांगा. सुमित्रानं केलंय.

अक्का, नमस्कार. तुझ्या वहीत चूक नव्हती.