अडकलेली अकरा मिनिटं

मॅक्सीन : मावशी, भोक बोटाएवढं पडेल. भिंतीला काही होत नाही.

एडना : भिंतीचं नाही गं. पण आज नकोच. आज गुरुवार.

मॅक्सीन : गुरुवारी काय असतं?

एडना : काही नसतं. म्हणूनच तर बरं वाटत नाही.

कथबर्ट : चौदा वर्षं तू त्या जुन्या इंटरनेट कंपनीच्या नावाने बोटं मोडलीस, एडना. पोरगी कॅनडातून फोनवर दिसायची ती कधी अर्धं तोंड, कधी नुसती हनुवटी. आता ही बाई तांब्याची तार काढून थेट घरात फायबर आणायला आली, तर तुला गुरुवार आठवला?

एडना : मला हनुवटीची सवय झाली होती. माझ्यावरच गेलीये ती.

मॅक्सीन : एक विचारू का? सकाळी तुमच्या घरातून कोणीतरी जुन्या कंपनीला फोन करून 'आम्ही कुठे जात नाही' असं कळवलंय. तसं माझ्या कागदावर आलंय.

कथबर्ट : एडना?

एडना : इतकी वर्षं राहिलो. न सांगता निघून जाणं बरं दिसतं का?

मॅक्सीन : त्यांना काही सांगायचं नसतं, मावशी. आमची लाइन चालू झाली की त्यांची आपोआप बंद होते.

एडना : वीस मिनिटं फोन धरायला लावून बासरी ऐकवली त्यांनी. मग एकजण म्हणाला, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. नवऱ्याने कधी म्हटलं नाही असं.

मॅक्सीन : काका, अर्ज तुमच्या नावावर आहे. तुम्ही बोला.

कथबर्ट : पाड भोक.

एडना : आधी चहा घे गं.

मॅक्सीन : तीन कप झाले, मावशी. बरं, मागच्या अंगणात त्या पातीच्या कांद्यावर कॅमेरा कशाला रोखलाय?

कथबर्ट : पातीचा कांदा?

एडना : झालं. बस आता, मॅक्सीन. लवकर सुटका नाही तुझी.

कथबर्ट : लीक आहे तो. लीक. कांद्याच्याच जातीचा, पण मनगटाएवढा जाड.

मॅक्सीन : मी दक्षिण इंग्लंडातली. आमच्याकडे लीक दुकानातून आणतात.

एडना : म्हणून तुमच्याकडची लग्नं टिकतात.

कथबर्ट : इथे उत्तरेत, नॉर्थम्बरलंडमध्ये तो वाढवतात. परवा शनिवारी क्लबात प्रदर्शन आहे. जोडीने मांडावा लागतो. दोन्ही सारखे, केसाचाही फरक चालत नाही. गेल्या वर्षी प्रदर्शनाला सहा दिवस राहिले होते आणि जोडीतला एक कोणीतरी मुळासकट उपटून नेला. उरलेल्या एकट्याला कोण विचारतं?

मॅक्सीन : कोणी नेला?

कथबर्ट : नेव्हिलने. हा शेजारचा. पहिलं बक्षीस मग त्यालाच.

एडना : नेव्हिलला नेताना कोणी बघितलेलं नाही.

कथबर्ट : कारण चार वाजून दोन मिनिटांनी चित्र गोठलं. मी क्लबात, कमिटीच्या बैठकीत, फोनवर बघत होतो. अकरा मिनिटं एकच चिमणी. मी म्हटलं, काय गरीब स्वभावाची चिमणी आहे. चित्र सुटलं तर तिथे खड्डा.

मॅक्सीन : आणि म्हणून फायबर घेताय?

कथबर्ट : काल कॅमेरेवाल्याशी बोललो. तो म्हणाला, चित्र हरवलेलं नाही. लाइन बारीक, म्हणून बाहेर पडलं नाही, कॅमेऱ्याच्या पोटातच अडकलंय. कॅमेरा उघडायचा नाही, पुसून जाईल. नुसती चांगली लाइन द्या, आपणहून येईल. आज नेव्हिलची चोरी उघडी पाडतो. क्लबात मोठ्या पडद्यावर लावतो.

एडना : मॅक्सीन, चौथा कप?

(भोक पाडून झालं. भिंतीवरच्या नव्या डबीवर हिरवा दिवा लागला आणि एडनाने त्यावर हळूच भांडी पुसायचं फडकं टाकलं.)

मॅक्सीन : मावशी, फडक्याने बंद होत नाही ते.

एडना : धूळ बसेल म्हणून टाकलं.

कथबर्ट : आलं. आलं बघ. चिमणी हलली. उडाली.

एडना : कथबर्ट, ते थांबव. आधी मी बोलते. लीक गेला त्या रविवारी काय होतं?

कथबर्ट : कमिटीची बैठक.

एडना : आणखी?

कथबर्ट : जागावाटप.

एडना : आपल्या लग्नाला चाळीस वर्षं झाली त्या दिवशी.

मॅक्सीन : मी बाहेर गाडीत थांबू का?

एडना : तू बस. साक्षीदार हवा. सकाळी उठून तू त्या लीकजवळ गेलास आणि त्याला विचारलंस, 'झोप लागली का रे?' मी खिडकीत उभी होते. मला फार वाईट वाटलं, कथबर्ट.

कथबर्ट : म्हणजे त्या रात्रीचं सूप...

एडना : तुला आवडलं होतं. दोनदा घेतलंस.

कथबर्ट : तीनदा. आणि वर म्हणालो, माझा गेला त्या दुःखात एवढाच आधार.

एडना : म्हणालास खरा. मला ठसका लागला.

कथबर्ट : मी वर्षभर नेव्हिलशी बोललो नाही. त्याच्या बायकोचा केक दारातून परत पाठवला.

एडना : मी मागच्या दाराने घेत होते.

मॅक्सीन : काका, ते थांबलेलं नाही. चालूच आहे. आवाजही येतोय.

फोनमधली एडना : तुझ्यावर माझा राग नाही. तू कांदा, तुला काय कळणार? पण मलाही कधी कोणी विचारावं. निघ की आता. काय खाऊ घालतो हा तुला? माझी कंबर गेली.

मॅक्सीन : चित्र मात्र अगदी स्वच्छ आहे.

एडना : बंद कर ते. आता क्लबात दाखव हवं तर. मोठ्या पडद्यावर.

कथबर्ट : हे कसं पुसायचं, मॅक्सीन?

मॅक्सीन : तिथे बोट ठेवा. हां. गेलं.

एडना : टोपी कशाला घेतलीस? कुठे निघालास?

कथबर्ट : नेव्हिलकडे. माफी मागून येतो.

एडना : मग त्यांच्या केकच्या ताटल्याही घेऊन जा. सात आहेत.

कथबर्ट : दे. एडना...

एडना : आता काय?

कथबर्ट : रात्री झोप लागली का गं तुला?

एडना : नाही लागली. हे फायबर येणार म्हणून.