रासबेरी आणि मिठाचं पाणी

महाबळेश्वरच्या सहलीत पोरांची जबाबदारी माझ्यावर, म्हणून मला लई घोर लागल्ता. आमच्या अंबडच्या शाळेतली संगीता जंगलात गेली आन् जमिनीवर पसरलेल्या काटेरी वेलीची लाल फळं मूठभर खाऊन आली. आपल्याकडं लाल म्हणजे गुंज, बिलकुल विषारी. तिच्या बापाला काय सांगू? लगेच मिठाचं पाणी पाजून तिला ओकायला लावलं.

हेडमास्तर तिच्यावर खूप ओरडले. मंग मला गाडीमागं नेऊन हळूच म्हणाले, "पाणी उरलंय का?"

"कुणाला पाजायचंय, सर?"

"मला. तिच्या आधी मीच खाऊन आल्तो."

ते ओकून आले, तर समोर एक म्हातारी टोपलीभर तीच फळं विकून राह्यली. म्हणाली, "रानातली रासबेरी हाय. खा, गोड हाय."

संगीतानं तोंड पुसलं. "सर, आता पोट रिकामं झालंय. खाऊ का?"