थोरल्या आजोबाचा टाक

सुप्याला काळी नदीच्या काठावर अनंतराव होडीची वाट बघत बसले होते. काल कुंभारवाड्यात येसूकडून घेतलेलं, रोमच्या बादशहाचं सोन्याचं नाणं त्यांच्या कनवटीला होतं. शेजारी दोन बायका बोलत होत्या.

"देवकीअक्का, आमच्या देव्हाऱ्यातला थोरल्या आजोबाचा टाक गेला."

"चोरला व्हय, फुला?"

"न्हाई. मी रानात हुते तवा बेळगावचं कोण सायेब आलं हुतं. म्हणालं, ह्यो तुमचा आजोबा न्हवं, परमुलखातला राक्षस हाय. घरात ठिवला तर तापानं पडलेलं पोर जगायचं न्हाई. माझ्या जावेनं, येसूनं, भिऊन देऊन टाकला."

"मग आता पुजतासा काय?"

"सायबानं रुपाया दिला, त्योच. त्याच्यावरबी तोंड हाय. चांगल्या माणसाच्या हातचा हाय."

अनंतरावांनी कनवटीवर हात ठेवला. होडी काठाला लागली. फुलानं त्यांच्या पागोट्याकडं बघितलं.

"मामा, तुमी बेळगावचं काय? ते सायेब भेटलं तर सांगा, पोराचा ताप उतरला म्हणून. लई उपकार झालं."

"मी धारवाडचा," अनंतराव म्हणाले. "तुम्ही व्हा पुढं. मी मागच्या होडीनं येतो."