सलाईनचा मुहूर्त

कळांच्या सलाईनचं नाव काढलंत म्हणून सांगते, माझं डोकं आजही फिरतं. माझ्या लेकीच्या, श्रुतीच्या वेळी दिलेली तारीख उलटली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बुधवारी ॲडमिट व्हा, सलाईन लावून कळा आणू." माझे सासरे, आप्पा, पंचवटीत भिक्षुकी करणारे. त्यांनी लगेच पंचांग काढलं.

बुधवारी सकाळी बाईंना म्हणाले, "दहाला सलाईन लावा, म्हणजे साडेअकराला बाळ होईल. बारानंतर राहुकाळ आहे."

बाईंनी त्यांना बाहेर नेऊन सांगितलं, "गुरुजी, हा काय नळ आहे? बारा तासही लागतात, कधी जास्तही."

आप्पांना कळलं, नवऱ्याला कळलं. मला मात्र कोणी सांगितलंच नाही! कळा मला येणार होत्या ना? मी आपली घड्याळाकडे बघत दात आवळून पडलेली, साडेअकराला सुटणार म्हणून. एक वाजला, तीन वाजले. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.

श्रुती झाली संध्याकाळी सातला. बारशाला आप्पांनी पत्रिका हातात दिली. जन्मवेळ, सकाळी साडेअकरा!

मी सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "आप्पा, मग साडेअकरा ते सात मी तिथे काय करत होते?"