वाटेवरचे राळे

जळकोटच्या गाडीला उशीर होता. धाराशिवच्या स्टँडवर ताटकळलेल्या अमरसिंहच्या मागच्या बाकावर थेटरातून आलेल्या आजी आणि नात येऊन टेकल्या. आजीचा आवाज स्टँडभर घुमत होता.

"मेलेल्या बाईला हसत्यात व्हय गं?"

"आजी, जुन्या भुतांच्या पिक्चरची टिंगल हाय ती. हसायसाठीच काढलाय."

"मग भुताची टिंगल करा की! बाळंतपणात मेलेल्या बाईची कशाला?"

"अगं, हडळ घरी येऊ न्हाय म्हणून वाटंवर राळ्याचे दाणे टाकत्यात. ती मोजत बसती, चुकती, परत पयल्यापासून मोजती. सगळं थेटर हसलं."

"तू बी खिदळलीस."

"हसू आलं."

"माझ्या थोरल्या बहिणीच्या तिरडीमागं असेच राळे टाकले होते. टाकणारा कोण? तिचा नवरा! वरसाच्या आत त्योच माझ्यासंगं बोहल्यावर चढला. त्याच्या वाटंवर न्हाय कुणी दाणा टाकला!"

"म्हंजी... आज्जानं?"

"व्हय, तुझ्या आज्जानं."

"मग ती आली का गं कधी?"

"शाळंचं तोंड न बघितलेली बाई ती, तिला कुठलं मोजता येतंय? म्हटलं, दाणे तुडवत सरळ येईल. तिला पोचवली त्या दिशी म्या रातभर कवाड उघडं ठेवून बसले."

"आली?"

"न्हाय आली. आन् तिच्या पोटचा तुझा बाप दुधासाठी रडायचा थांबंना."